पायाची धमनी, मूत्रपिंड आणि एक वायू

भिलाईतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पॉइझेलचा नियम ठाऊक असतो: दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली, की प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. धमनीतही साधारण तसेच घडते. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापू न देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंची मांडीतली धमनी तारेवरून नळ्या सरकवून रुंद केली. पाय वाचला. १९७४ मध्ये ग्रुंट्झिग यांचा फुगा आला.

मूत्रपिंडाच्या रुग्णांत मात्र धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचते, तिथे फुगा सहज दाद देत नाही. शिवाय चित्रासाठी टोचलेले आयोडीनयुक्त द्रव्य मूत्रपिंडालाच आणखी दुखावू शकते. हॉकिन्स यांनी १९७० च्या दशकात त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला. तो फुप्फुसांवाटे निघून जातो. मला ही युक्ती फुग्याइतकीच मोलाची वाटते. मेंदूला धोका असल्याने हा वायू छातीखालच्या धमन्यांतच सोडतात.