गिलदाल का पळाला?

१/ कोरियन ‘बॉईज लव्ह’ वेबटूनमध्ये माणूस आणि कोल्ह्याचे रूप घेणारा अमानवी नायक यांची प्रेमकथा वाचली, की एक जुनी नोंद आठवते.

२/ १३व्या शतकात इर्योन या बौद्ध भिक्षूने संकलित केलेल्या ‘सामगुक युसा’ ग्रंथात सिल्ला राज्यातील बिह्योंगची कथा आहे. मृत राजाच्या आत्म्यापासून जन्मलेला हा तरुण भुतांकडून एका रात्रीत पूल बांधून घेतो. त्यांच्यातल्याच गिलदालला तो राजसेवेत आणतो.

३/ एके दिवशी गिलदाल कोल्हा होऊन पळून जातो. बिह्योंग भुतांकरवी त्याला पकडून ठार करवितो. कारण? ग्रंथ मौन आहे.

४/ त्या मौनात प्रेम भरण्याचे स्वातंत्र्य चित्रकथाकाराला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘प्रेम होते’ असे म्हणता येत नाही. मात्र ‘नव्हतेच’ असे ठामपणे सांगण्याचा अधिकारही त्याला नाही.