डोक्याचा सातबारा

आमच्या घराण्यात टक्कल वडिलोपार्जित. जमीनजुमला भाऊबंदकीत गेला. टक्कल मात्र सर्वांना समान वाटणीने मिळाले. त्यामुळे पुतण्या (वय वर्षे 24) लग्नाआधी केस लावून घ्यायला निघाला आणि "काका, तुम्हीही चला" म्हणाला, तेव्हा मला कशाला नेतोय हे उमगले. नमुना म्हणून!

जाण्याआधी थोडा इतिहास चाळला. या विद्येचे आद्यपुरुष जपानचे डॉ. ओकुदा. भाजलेल्या डोक्यांवर केसांसकट कातडीचे बारीक गोल तुकडे लावल्याचे त्यांनी 1939 साली लिहून ठेवले. पण लेख जपानीत, त्यात महायुद्ध पेटले. पश्चिमेला पत्ताच लागला नाही. मग न्यू यॉर्कच्या डॉ. ओरेन्ट्राइखनी 1952 साली टकलावर तोच प्रयोग केला. मागचा केस पुढे नेला तरी आपला न गळण्याचा स्वभाव सोडत नाही, हे त्यांनी 1959 मध्ये छापले. मात्र त्यांचे तुकडे चार-चार मिलिमीटरचे. डोक्यावर भाताची लावणी केल्यासारखे दिसे!

पुढे 1984 साली डॉ. हेडिंग्टननी दाखवले की केस एक ते चारच्या घोळक्याने उगवतात. टेक्सासचे डॉ. लिमर 1988 पासून मागची एकच लांबट पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली हे घोळके सोडवू लागले. अंदाजाने कापताना जी मुळे चिरली जात ती वाचली. जमीन तेवढीच, पीक जास्त.

आमच्या डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला. पट्टी 20 सेंटिमीटर लांब, 1 रुंद. चौरस सेंटिमीटरला सुमारे 80 घोळके. म्हणजे 1600.

"मग रुंदी दुप्पट करा की!" पुतण्या म्हणाला.

"टाके ताणले की व्रण रुंदावतो. हल्ली घोळके सुटेही काढतात, पण कोठार तेच." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "काकांचं क्षेत्र 200 चौरस सेंटिमीटर तरी असेल. पूर्वीइतकं दाट करायला 16000 लागतील. मागून आयुष्यभरात मिळणार पाच-सहा हजार. तुम्ही सगळे आजच पुढच्या रांगेत लावलेत, तर चाळिशीत मागे काय लावाल?"

नवीन केस कोणी उगवत नाही हो! या खिशातले त्या खिशात.

परतताना पुतण्या गप्प होता. शेवटी म्हणाला, "काका, तिनं मला टोपीशिवाय पाहिलेलंच नाही."

मी काय बोलणार? मी स्वतः मुलगी बघायला टोपी घालूनच गेलो होतो. सौ.ने पुढे तीस वर्षे त्याचा उद्धार केला. टकलाचा नव्हे, टोपीचा.

त्या रात्री तो तासभर फोनवर बोलत होता. काय बोलणे झाले, विचारले नाही. सकाळी तो तिला भेटायला निघाला, तेव्हा टोपी खुंटीवरच होती.