शकुंतलेची अंगठी आणि वर्गातले कथालेखन

मराठीच्या प्रश्नपत्रिकेतील कथालेखनाचा प्रश्न अनेक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहायची, शीर्षक द्यायचे आणि तात्पर्य सांगायचे. या सरावाने घटनाक्रम आणि परिच्छेदरचना साधते. मात्र काय घडले हे आधीच ठरलेले असल्याने ते का घडले, याचा विचार विद्यार्थ्याला करावा लागत नाही. कथा तर याच प्रश्नावर उभी राहते.

सहावी ते आठवीच्या वर्गात हे उमगावे यासाठी टिटवाळ्याच्या शिक्षकांना दूर जाण्याची गरज नाही. काळू नदीकाठी कण्वमुनींचा आश्रम होता आणि दुष्यंत पुन्हा भेटावा म्हणून शकुंतलेने येथे गणपतीची स्थापना केली, अशी आख्यायिका आहे. अंगारकीला महागणपतीच्या दर्शनासाठी लोटणारी गर्दी पाहतच येथील मुले वाढतात.

महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलाख्यानात शाप नाही आणि अंगठीही नाही. सारे आठवत असूनही लोकांच्या संशयाला भिऊन राजा तिला नाकारतो आणि आकाशवाणीनंतर स्वीकारतो. कालिदासाने 'अभिज्ञानशाकुंतल' नाटकात दुर्वासांचा शाप आणि खुणेची अंगठी आणली. राजाच्या विस्मरणाला कारण मिळाले. अंगठी पाण्यात पडली आणि ओळख पटेना. माशाच्या पोटातून ती सापडली आणि स्मृती जागी झाली. पात्रे तीच, पण कारण बदलताच राजाचा स्वभाव आणि कथेचा अर्थ दोन्ही बदलले.

दोन्ही रूपे सांगून मुलांना विचारावे : कोणता राजा अधिक दोषी? मग प्रत्येकाने आपल्या परिसरातील एक पात्र आणि एक वस्तू निवडावी. हरवलेला रेल्वे पासही चालेल. पात्राला काय हवे आहे, आड काय येते आणि शेवटी काय बदलते, या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणजेच कथेचे मुद्दे. पहिला खर्डा वर्गात मोठ्याने वाचावा. शुद्धलेखनाची लाल शाई दुसऱ्या खर्ड्यासाठी राखून ठेवावी, अन्यथा मूल चुका टाळण्यापुरतेच लिहू लागते.

परीक्षेच्या मुद्द्यांत राजा, शेतकरी, लाकूडतोड्या भेटतात; पहाटेच्या लोकलने कामावर जाणारी आई क्वचितच भेटते. तिचीही गोष्ट होऊ शकते, हे बाराव्या-तेराव्या वर्षी कळलेले मूल पुढे लेखक होवो वा न होवो, आपल्या भोवतालाकडे दुर्लक्ष करणार नाही.