सरळव्याज आणि खत

सातवीत गृहपाठाला गणित होते : मुद्दल १०० रुपये, दरसाल दरशेकडा २४, मुदत ३ वर्षे, सरळव्याज किती? मी ७२ लिहिले. वडील म्हणाले, "आपल्या कागदावर तर जास्त निघालं." आमच्या घरात गणित तपासणारे कुणी नव्हते, व्याज भरणारे मात्र होते.

त्या 'जास्त'चा इतिहास मला पुढे उमगला. दरवर्षीचे व्याज मुद्दलात घालून नवे खत केले, की तेच व्याज ९० रुपये ६६ पैसे होते. अंगठा उठवणाऱ्याला हा फरक दिसत नसे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतेच जाळली. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात मोडी-बाळबोधाबरोबर हिशेबही मागितला. खत जाळून कर्ज तात्पुरते थांबते. ते वाचता आले, तर फसवणूकच उघडी पडते.

म्हणून मित्रहो, वस्तीतल्या मुलांचा गृहपाठ घेताना नुसत्या उत्तरावर थांबू नका. व्याज मुद्दलात केव्हा मिळवले, हे वर्षवार मांडून घ्या. मग तेच गणित मुलाला घरी आईबापांपुढे सोडवायला सांगा. माझ्या वडिलांना ते सोडवून दाखवायला मला फार उशीर झाला.