घराची किंमत ठरवतो कोण?

कर्जासाठी घर तारण ठेवताना बँकेच्या यादीतला मूल्यांकक येतो आणि किंमत लिहून जातो. त्याची पात्रता कोण ठरवतं?

१९७२ मध्ये संपत्ती कराच्या कायद्यात नोंदणीकृत मूल्यांकक आले. आयकर खातं पदवी नि अनुभव पाहून नोंदणी करी. २०१७ मध्ये कंपनी कायद्याखाली नवे नियम झाले. पदवी-अनुभवाबरोबर ५० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आली. देखरेख दिवाळखोरी मंडळाकडे गेली. अनुभव मोठा की परीक्षा, असा वाद झाला. २०२० मध्ये तज्ज्ञ समितीने मूल्यांककांसाठी वेगळा कायदाच सुचवला.

किंमत कमी लागली, तर कर्ज कमी मिळतं. घर लिलावात गेलं, तर ते मातीमोल जातं. म्हणून आपण बचतगटाच्या बायांनी मूल्यांककाची नोंदणी विचारावी, अहवालाची प्रत मागावी.