अक्षरांचा भाव

जमीन अपुरी पडू लागली की तिचा भाव चढतो, हा अनुभव जुनाच आहे. वर्णमालेतील अक्षरांनाही असा भाव यावा, ही मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीची देणगी होय.

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला मुळात अंकांचा पत्ता असतो. अंक माणसाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून त्यांना नावे देण्यात आली. या नावांची यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत ठेवली जाई. ती आवरेनाशी झाली, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी नामव्यवस्था आखली. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक-कंपनीने 'डॉट कॉम' या गटातील पहिले नाव नोंदविले. पुढील वर्षीच्या मार्चमध्ये एच. पी. आणि आय. बी. एम. या कंपन्यांनी आपापली आद्याक्षरे घेतली. नोंदणीला पैसा पडत नव्हता, आणि जो आधी येईल त्याला आधी, हाच नियम होता.

पण रोमन लिपीची अक्षरे अवघी २६. त्यांच्या जोड्या होतात ६७६, आणि तीन अक्षरांचे गट १७,५७६. इकडे कंपन्यांना मात्र गणती नाही, आणि एकाच आद्याक्षरांवर अनेकींचा हक्क पोहोचतो. सप्टेंबर १९९५ पासून नोंदणीस दोन वर्षांकरिता १०० डॉलर शुल्क बसले. तरीही ओघ थांबला नाही. आखूड नावे संपली आणि हाती असलेल्या नावांच्या खरेदी-विक्रीचा बाजार उभा राहिला.

या बाजारातील सारेच व्यवहार निंद्य नव्हेत. 'एफबी डॉट कॉम' हे नाव अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन या शेतकऱ्यांच्या संघटनेकडे होते. 'फार्म ब्युरो' याची ती आद्याक्षरेच होत. २०१० साली फेसबुकने त्या दोन अक्षरांसाठी ८५ लाख डॉलर मोजले. विकणाऱ्याचा हक्क निर्विवाद होता, आणि घेणाऱ्याची गरजही खरी होती.

दुसऱ्याच्या लौकिकावर डोळा ठेवून घेतलेल्या नावाची गोष्ट वेगळी. सत्यम इन्फोवे या कंपनीने आपल्या नावातील अक्षरे जुळवून 'सिफी' हा शब्द घडविला होता. दुसऱ्या एका संस्थेने 'सिफीनेट' असे नाव घेतले, तेव्हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००४ साली न्यायालयाने निर्णय दिला की, असे नाव हा नुसता पत्ता नसून व्यापारचिन्हासारखेच संरक्षणास पात्र आहे. म्हणजे आधी नोंदणी केली, एवढ्यावरच मालकी सिद्ध होत नाही.

या नामव्यवस्थेची अनेक वर्षे देखभाल करणारे जॉन पोस्टेल यांनी १९९४ सालीच लिहून ठेवले होते की, नामक्षेत्रे सांभाळणाऱ्यांनी स्वामित्वाची भाषा करू नये. सेवा आणि उत्तरदायित्व यांचा विचार करावा. बाजाराने अक्षरांचा भाव ठरविला. पण ती कोणाच्या हाती शोभतात, हे ठरविण्यास न्यायबुद्धीच लागते.