सिक्वोया : न झालेल्या राज्याचे नाव

न झालेल्या राज्यांची नावे हा माझ्या आवडीचा विषय आहे आणि त्यासाठी अमेरिकेसारखी खाण नाही. १ मार्च १७८४ रोजी थॉमस जेफरसनच्या समितीने पश्चिमेकडच्या मुलखाचा आराखडा काँग्रेसपुढे ठेवला. त्यात दहा राज्यांची नावेही तयार होती : सिल्व्हेनिया, मेट्रोपोटेमिया, पॉलिपोटेमिया, चेरोनेसस, असेनिसिपिया वगैरे. ग्रीक-लॅटिनची हौस आणि तिथल्या मूळ भाषांतली नद्यांची नावे यांची ही भेळ. एप्रिलमध्ये आराखडा मंजूर झाला, नावे तेवढी गळाली. बरेच झाले, ‘मी असेनिसिपियाचा’ म्हणताना कुणाची जीभ वळली असती!

जेफरसनला असे नावांशी खेळता आले, कारण त्या भूमीवर आधीपासून राहणाऱ्यांना विचारायची गरजच कुणाला वाटत नव्हती. म्हणून मला सव्वाशे वर्षांनंतरचे दुसरे नाव जास्त मोलाचे वाटते. तिथे नाव ठेवणारे हे आधीपासून राहणारेच होते.

चेरोकी, चॉक्टॉ, क्रीक, चिकसॉ आणि सेमिनोल या पाच जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलले गेले, ते मुख्यतः १८३०च्या दशकात. चॉक्टॉंशी १८३० साली झालेल्या करारात तर स्पष्ट वचन होते की, कोणतेही राज्य त्यांच्यावर कधीही कायदे लादणार नाही. पण १८९८च्या कर्टिस कायद्याने सामायिक जमिनीचे तुकडे करून वाटप आणि जमातींच्या सरकारांचे विसर्जन ठरवून टाकले. वचन मोडणारच असेल, तर निदान राज्य आपले असावे, असा विचार पुढे आला.

२१ ऑगस्ट १९०५ रोजी मस्कोगी गावात परिषद भरली. अध्यक्ष होते क्रीकांचे प्रमुख प्लेझंट पोर्टर, चिटणीस क्रीक कवी अलेक्झांडर पोझी. राज्यघटना लिहिली गेली, जिल्हे आखले गेले आणि नाव ठरले सिक्वोया. हा कुणी सेनापती किंवा राष्ट्राध्यक्ष नव्हे. सिक्वोया हा चेरोकी कारागीर. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. तरी १८२१च्या सुमारास त्याने आपल्या भाषेसाठी लिपी घडवली. आपल्या बाराखडीतल्या ‘का, की, कू’ला एकेक स्वतंत्र चिन्ह दिले तर जसे होईल, तशी. पुढच्या सात वर्षांत त्या लिपीत वर्तमानपत्रही निघू लागले. राज्याला अक्षरे घडवणाऱ्याचे नाव देण्याची कल्पना मला आजही थक्क करते.

राजधानी ठरली फोर्ट गिब्सन. १८२४ साली उभारलेले हे लष्करी ठाणे. हाकलून आणलेल्या कितीतरी कुटुंबांचा प्रवास याच ठाण्यापाशी संपला होता. मस्कोगी जवळच होते, पण राजधानीचा मान या ठाण्याच्या गावाला मिळाला.

७ नोव्हेंबर १९०५च्या मतदानात ५६,२७९ मते घटनेच्या बाजूने पडली, ९,०७३ विरुद्ध. एवढा कौल मिळूनही काँग्रेसने दाद दिली नाही. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांचा रिपब्लिकन पक्ष यांना दोन नव्हे, एकच राज्य हवे होते. दोन झाली तर सिनेटमध्ये चार डेमोक्रॅट वाढतील, हे गणित उघड होते. १६ नोव्हेंबर १९०७ रोजी सिक्वोयाचा सारा मुलूख पोटात घेऊन ओक्लाहोमा राज्य जन्मले. त्याचा पहिला गव्हर्नर चार्ल्स हॅस्केल हा मस्कोगीच्या परिषदेचा उपाध्यक्ष होता. गंमत अशी, की ‘ओक्लाहोमा’ हेही चॉक्टॉ भाषेतलेच नाव : ‘ओक्ला’ म्हणजे लोक, ‘हुम्मा’ म्हणजे तांबडा. शब्द त्यांचा राहिला, राज्य नाही.

नकाशावर आज सिक्वोया नावाचा एक जिल्हा तेवढा उरला आहे, ओक्लाहोमाच्या पूर्व सीमेवर. मात्र जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, क्रीकांचे राखीव क्षेत्र काँग्रेसने कधी रद्दच केलेले नाही, असा निकाल दिला. टल्सा शहराचा मोठा भाग त्या क्षेत्रात येतो.